मेरापीच्या पायथ्याशी घर करायचं तर

पहिली दोन वर्षं एक चौरस मीटरही जमीन विकत घेऊ नका. भाड्याने राहा. इंडोनेशियातल्या योग्यकार्ताजवळच्या खेड्यात येऊन राहण्याचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते.

मी पाटण तालुक्यातली. २०११ साली लग्न होऊन इथे आले. नवरा जावाचाच, त्याचं मूळ घर शहराच्या दक्षिणेला बांतुलमध्ये. आम्ही राहतो ते उत्तरेला, स्लेमान जिल्ह्यात, जालान कालिउरांगच्या चौदाव्या किलोमीटरपासून थोडं आत. हा रस्ता शहरातून निघून सरळ मेरापी ज्वालामुखीच्या दिशेने चढत जातो, आणि इथले लोक पत्ता सांगताना किलोमीटरच सांगतात. चौदाव्या किलोमीटरला विद्यापीठ आहे, झेरॉक्सची दुकानं आहेत, रात्री अकरापर्यंत उघडी खानावळ आहे. तिथून दोन मिनिटं आत वळलं की भातखाचरं, बांबूची बेटं आणि सलाक फळाच्या काटेरी बागा. शहर मोटरसायकलवर पाऊण तासावर. अर्धं गाव, अर्धं शहर. अशा जागी जमिनीचे भाव वाढत राहतात, म्हणून पैसेवाले येतात. आणि अशाच जागी फसवणूकही सगळ्यात जास्त होते.

आम्ही सात वर्षं भाड्याने राहिलो. त्यातली पाच नाइलाजाने, ते पुढे सांगते. पण त्या सात वर्षांत जे कळलं ते कुठल्याही दलालाने सांगितलं नसतं.

हिशेबाची एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. दहा लाख रुपियांना इथे एक 'जुता' म्हणतात आणि जमीन, भाडं, शेळी सगळं जुतातच बोललं जातं. एक जुता म्हणजे आजच्या भावाने आपले साधारण सव्वापाच-साडेपाच हजार रुपये. किमतीला शब्द आहे 'हार्गा', म्हणजे आपला संस्कृतातला अर्घ. असे शब्द भेटत राहतात आणि जीव जरा रमतो.

भाड्याचं घर

खेड्यातलं घर महिन्याच्या भाड्याने सहसा मिळत नाही. 'कोंत्राक' करतात, म्हणजे वर्षाचं किंवा दोन वर्षांचं भाडं आधीच एकरकमी द्यायचं. आमच्या पहिल्या घराचे आम्ही वर्षाला ९ जुता दिले होते. आता त्याच गल्लीत दुप्पट लागतात. पैसे देण्याआधी दोन ओळींचा का होईना कागद करा, त्यावर महसुली तिकीट लावा आणि दुरुस्ती कोणाकडे ते लिहून घ्या. छपराची कौलं मालकाची, पाण्याची मोटर भाडेकरूची, असा आमच्याकडे रिवाज आहे.

घर बघायला शक्यतो सप्टेंबरात या. पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणजे सप्टेंबरात विहीर तळाला गेलेली असते. दोरीला दगड बांधून पाणी किती आहे ते स्वतः मोजा. शौचालयाची टाकी विहिरीपासून दहा मीटर तरी लांब हवी. शेजारच्याची टाकीसुद्धा. जुन्या वस्तीत घरं जवळजवळ असतात आणि हे अंतर कोणी मोजलेलं नसतं. मग तेच घर पुन्हा जानेवारीत बघा, भर पावसात, छत्री घेऊन. गल्लीतलं पाणी कोणत्या बाजूने येतं, कोणाच्या अंगणात साचतं, वरच्या बाजूला कोंबड्यांचं शेड आहे का, वाळूचे ट्रक कोणत्या रस्त्याने उतरतात, हे त्या एका फेरीत कळतं.

विजेचं मीटर बहुधा प्रीपेड असतं. दुकानातून किंवा फोनवरून टोकन घ्यायचं आणि आलेले वीस आकडे मीटरवर दाबायचे. जुन्या घरांना ९०० व्होल्ट-अँपिअरची जोडणी असते. त्यावर भाताचा कुकर, इस्त्री आणि पंप एकदम चालत नाहीत, खटका पडतो. १३०० ची जोडणी मालकाकडून आधीच मागून घ्या.

कचऱ्याचं विचारायला विसरू नका. पियुंगानचं मोठं कचराकेंद्र २०२३ मध्ये काही आठवडे बंद पडलं आणि २०२४ मध्ये कायमचं बंद झालं. तेव्हापासून बरीच घरं मागच्या अंगणात कचरा जाळतात. घरात दमेकरी असेल तर हा प्रश्न भाड्यापेक्षा मोठा आहे.

दारावरची वाटी

पहिल्या दिवशी पाक एर-तेंकडे जा. 'पाक' म्हणजे आपलं 'श्री' किंवा 'काका'. एर-ते म्हणजे तीस-चाळीस घरांचा शेजारगट, त्याचा प्रमुख हा बिनपगारी, गावानेच निवडलेला माणूस. पासपोर्टची, राहण्याच्या परवान्याची आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत बरोबर न्या, केळ्यांची फणी किंवा बिस्किटांचा डबाही न्या. गल्लीच्या तोंडावर पाटी असते: पाहुण्याने चोवीस तासांत कळवावं. ती पाटी खरी माना. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला घेऊन पाक एर-तेंकडे गेलो. त्यांच्या पत्नीने आईला ओसरीवर बसवून गोड चहा दिला आणि नंतर महिनाभर बाजारात दिसेल तिथे तिची विचारपूस केली.

आमच्या भाड्याच्या घराच्या दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, भिंतीला एक छोटी प्लास्टिकची वाटी खिळ्याने ठोकलेली होती. मला वाटलं पणती ठेवायची असेल. तिसऱ्या रात्री झोप लागली नव्हती, तेव्हा बाहेर चपलांचा आवाज आला, बॅटरीचा झोत खिडकीवरून फिरला, कोणीतरी वाटीत बोटं फिरवली आणि पुढच्या घराशी खण्‌ असा नाण्याचा आवाज झाला. आमच्या वाटीतून काहीच आवाज आला नव्हता. सकाळी शेजारच्या म्बाहना, म्हणजे आजींना, विचारलं. त्या म्हणाल्या, "ते जिंपितान, बाई. रात्री राखणीला जाणारे गोळा करतात. तुमच्या आधीचे भाडेकरू टाकत नव्हते, म्हणून मी दोन घरांचं टाकत होते."

जिंपित म्हणजे चिमूट. पूर्वी प्रत्येक घर चिमूटभर तांदूळ ठेवायचं, आता पाचशे रुपियांचं नाणं ठेवतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड चालवला, घरोघरच्या मूठभर धान्यावर मुलांची वसतिगृहं उभी केली. त्या गोष्टी ऐकत मी शाळा शिकले, त्यामुळे मला हे फार पटकन कळलं. त्या नाण्यांतून गल्लीतले दिवे लागतात, आजाऱ्याला भेटायला जाताना पाकीट नेलं जातं, मयताचा मांडव येतो. आणि वाटी रिकामी दिसली की राखणीवाल्याला कळतं, या घरात कोणी नाही किंवा कोणी आजारी आहे. त्या रात्रीपासून आमच्या वाटीत रोज नाणं असतं. सुट्टीवर गेलो तर म्बाहकडे नाण्यांची पुरचुंडी ठेवून जातो.

नवऱ्याची राखणीची पाळी आठवड्यातून एकदा येते. परदेशी पुरुषाने पैसे देऊन ती चुकवू नये. चहा, शेंगदाणे आणि पत्त्यांच्या डावात तिथे जे कानावर येतं, कोणाच्या शेतावर कर्ज आहे, कोणता भाऊ परत येणार आहे, ते जमीन घेताना सोन्याच्या मोलाचं असतं.

बायकांसाठी आरिसान आहे. ही आपली भिशीच. महिन्याला सगळ्यांनी सारखी रक्कम घालायची, चिठ्ठी निघेल तिला सगळी मिळते. रक्कम लहान असते, पण त्या दुपारी चुकवायच्या नसतात. लग्नकार्य असेल त्या घरी दोन-तीन दिवस आधीपासून 'रेवांग'ला जायचं, म्हणजे कामाला हात लावायला. मला सुरुवातीला केळीची पानं पुसायचं काम मिळालं, चौथ्या वर्षी नारळाच्या दुधाच्या पातेल्यापाशी उभं राहू दिलं. आहेर पाकिटात द्यायचा आणि यजमान तो वहीत लिहितात, अगदी आपल्यासारखा. लग्नाच्या महिन्यात पाच-सहा आमंत्रणं येतात. घरखर्चात त्याची वेगळी रक्कम धरा. सुरो या जावानीज पंचांगातल्या महिन्यात इथले लोक लग्नं करत नाहीत, त्या महिन्यात हात जरा मोकळा होतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मयत. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं जातं, तेव्हा हातातलं काम टाकून जायचं. ओळख असो नसो. जिला लग्नाला जमलं नाही तिला गाव माफ करतं. मयताला न जाणाऱ्याला गाव विसरत नाही.

भाषेबद्दल एवढंच. इंडोनेशियन सहा महिन्यांत कामापुरती येते. जावानीज अवघड आहे, तिच्यात मोठ्यांशी बोलायचे शब्दच वेगळे. पण 'नुवुन सेवू' (जरा वाट द्या, माफ करा), 'मोंगो' (या, चला), 'मातुर नुवुन' (आभारी आहे) हे तीन पहिल्या आठवड्यात शिका. आणि 'इंगिह' या शब्दाला होकार समजू नका. त्याचा अर्थ बऱ्याचदा 'ऐकलं' एवढाच असतो. गवंड्याला तुम्ही सांगितलं, दरवाजा डावीकडे हवा, आणि तो इंगिह म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी जाऊन बघा.

कागद

आता मूळ प्रश्न. परदेशी माणसाला इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. १९६० च्या कृषी-भूमी कायद्यात 'हाक मिलिक', म्हणजे कायमची मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला आहे. दलाल सांगतात, स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, आतून करार करू. तसला करार कायद्याने मुळातच रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. हे मी कोणालाच करू देणार नाही, माझ्या सख्ख्या भावालाही नाही.

मग उरतं काय? भाडेपट्टा, वीस-पंचवीस वर्षांचा, नोटरीसमोर केलेला. 'हाक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क, राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला घरासाठी मिळतो, पण त्याला घराच्या किमान किमतीची अट आहे आणि ती इतकी मोठी आहे की खेड्यातलं साधं घर तिच्यात बसत नाही. परदेशी भांडवलाची कंपनी काढायची तर गुंतवणूक १० अब्ज रुपियांच्या वर दाखवावी लागते, आणि त्यात सहसा जमीन-इमारत धरत नाहीत. भारतातून पैसे पाठवणाऱ्याला रिझर्व्ह बँकेची वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहेच. दोघंही भारतीय असलेल्या जोडप्याला माझा सल्ला साधा आहे: भाडेपट्टा करा, घर हलकं बांधा, आणि पट्ट्याच्या वर्षांत खर्च फिटेल एवढंच बांधा.

आमच्यासारखं मिश्र लग्न असेल तर एक सापळा आहे, आम्ही त्यात अडकलो होतो. लग्नानंतर घेतलेली मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक धरली जाते. त्यातली अर्धी परदेशी बायकोची झाली की नवऱ्यालाही हाक मिलिक मिळत नाही. स्वतःच्या देशात, स्वतःच्या पैशाने त्याला जमीन घेता येईना. त्यावरचा उपाय म्हणजे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार, पण १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे तो लग्नाआधी किंवा लग्नाच्या वेळीच करायचा होता. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. लग्नाचे कागद करून देणाऱ्यांनीही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला की असा करार लग्नानंतरही करता येईल. आम्ही २०१७ मध्ये तो नोटरीकडे केला. नुसता करून भागत नाही, लग्नाची नोंद जिथे आहे तिथे त्याचीही नोंद करून घ्यावी लागते. पहिल्या नोटरीने ती केलीच नव्हती. जमीन घेताना कागद तपासले तेव्हा ते उघडकीस आलं आणि चार महिने गेले. नोंदीचा शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

या कराराचा अर्थ बायकांनी नीट समजून सही करावी. जमीन पूर्ण नवऱ्याची. माझी काही नाही. उद्या वारसाने माझ्याकडे आली तर एका वर्षाच्या आत मला ती विकावी लागेल किंवा इंडोनेशियन नागरिकाच्या नावे करावी लागेल. आम्ही मृत्युपत्र केलं आहे आणि माझी बचत माझ्या खात्यात वेगळी आहे. हे बोलायला अवघड जातं, पण जमीन घेण्याच्या आधीच बोलून घ्यावं लागतं.

योग्यकार्ताचं आणखी एक वेगळेपण आहे. इथले सुलतान हामेंगकुबुवोनो दहावे हेच प्रांताचे गव्हर्नर आहेत आणि २०१२ च्या कायद्याने राजघराण्याच्या जमिनींना मान्यता आहे. त्यामुळे एखादी जमीन 'सुलतान ग्राउंड' निघू शकते. ती राजवाड्याच्या पत्राने वापरता येते, विकता येत नाही. १९७५ च्या एका सूचनेमुळे चिनी वंशाच्या इंडोनेशियन नागरिकांनासुद्धा या प्रांतात हाक मिलिक दिला जात नाही. शेजारच्या मध्य जावात हा नियम नाही. म्हणजे क्लातेन किंवा मागेलांगला जमिनीचे प्रश्न वेगळे असतील.

कोणती जमीन

आपल्या लोकांना हे लवकर समजतं, कारण सातबारा, वारसनोंद, गावठाण, एनए यांत आपण वाढलेलो असतो.

'पेकारांगान' म्हणजे घरवस्तीची जागा. ती घ्या. 'सावाह' म्हणजे भातखाचर. ते स्वस्त असतं आणि दलाल त्याचे तुकडे पाडून विकतात, आपल्याकडच्या गुंठेवारीसारखेच. पण २००९ च्या कायद्याने भातशेती संरक्षित आहे. हिरव्या पट्ट्यातल्या खाचरावर घर बांधायची परवानगी मिळत नाही आणि तुकड्याचं वेगळं प्रमाणपत्रही निघत नाही. जिल्ह्याच्या भूमी व नियोजन कार्यालयात जाऊन त्या जागेचा पट्टा लेखी विचारा. भूमी खात्याच्या 'सेंतुह तानाहकु' या ॲपवर प्लॉट नकाशात दिसतो, तेवढं तर घरी बसून होतं.

'तानाह कास देसा' ही गावच्या मालकीची जमीन. तिच्यातलाच एक हिस्सा 'पेलुंगुह', गावकामगारांना पगाराच्या जागी कसायला दिलेला, जुन्या वतनासारखा. ही जमीन भाड्याने द्यायलाही गव्हर्नरची लेखी परवानगी लागते आणि तिच्यावर घरं बांधून विकता येत नाहीत. तरी लोकांनी बांधली, विकली, आणि २०२३ मध्ये स्लेमानमधल्या एका गावप्रमुखाला याच प्रकरणात अटक झाली. आम्हालाही एका दलालाने वीस वर्षांच्या पट्ट्यावर तयार घर दाखवलं होतं. बाग सुंदर, भाव निम्मा. नवरा राखणीच्या रात्री सहज बोलला, तेव्हा कोपऱ्यात बसलेले पाक दुकुह, म्हणजे वाडीचे प्रमुख, हळूच म्हणाले, "मास (दादा), ते खाचर माझ्या आधीच्या दुकुहांचं पेलुंगुह होतं." एवढंच. त्या एका वाक्याने आमची सगळी पुंजी वाचली. ज्यांची गेली, ती बहुतेक जाकार्ताहून आलेली, गावात कोणाला न ओळखणारी कुटुंबं होती. पाटी लागलेली ती घरं मी येता-जाता बघते आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

प्रमाणपत्रावर नाव कोणाचं ते बघा. आजोबांचं असेल तर आधी वारसनोंद हवी आणि सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, सुमात्रात किंवा मलेशियात गेलेल्या बहिणीचीसुद्धा. 'ती काही म्हणणार नाही' हे वाक्य आपण सातारा-सांगलीतही ऐकलेलं आहे. प्रमाणपत्र नसून गावच्या नोंदवहीतला 'लेटर सी' उतारा असेल तर तो घेऊ नका. २०२१ च्या सरकारी नियमाने असल्या जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली, त्यापुढे त्यांना मालकीचा पुरावा म्हणून किंमत नाही.

व्यवहार पेपाआते नावाच्या अधिकृत जमीन-दस्त अधिकाऱ्यापुढे होतो. तो आपण निवडायचा, विकणाऱ्याच्या दलालाचा घ्यायचा नाही. आधी त्याने भूमी कार्यालयात प्रमाणपत्र तपासायचं, मग खरेदीखत. घेणाऱ्याला ५ टक्के कर (ठरावीक रक्कम वगळून), विकणाऱ्याला २.५ टक्के. दस्तावर किंमत कमी दाखवू, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा.

आम्ही २०१८ मध्ये ३०० चौरस मीटर जागा घेतली, मीटरला १.१ जुता, म्हणजे ३३० जुता. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावलं. खुंट्या त्यांच्या समोर ठोकल्या, मग सगळ्यांना भात, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि कोंबडीचं जेवण दिलं. पूर्वेकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या कुदळीने खुंटीभोवती माती दाबली. सीमेवरून आजवर एक शब्द झालेला नाही.

डोंगर आणि भूकंप

१९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या गोष्टी आजीकडून ऐकत मी वाढले, आणि सासर निघालं बांतुलचं, जिथे २७ मे २००६ ला सकाळी सहाच्या जरा आधी भूकंपात हजारो माणसं गेली. सासूबाईंचं लाकडी खांबांचं मुख्य घर उभं राहिलं आणि मागचं विटांचं स्वयंपाकघर पडलं. त्या तेव्हा विहिरीवर होत्या म्हणून वाचल्या. त्यामुळे आमच्या घरी भिंतीच्या रंगाआधी लोखंडाची चर्चा होते. पायावर काँक्रीटची पट्टी ('स्लोफ'), कोपऱ्यांत खांब, भिंतीच्या माथ्यावर पट्टी ('रिंग बालोक'), आणि या तिन्हींच्या सळ्या एकमेकींत वाकवून बांधलेल्या. गवंडी कामाला सुरुवात करेल तेव्हा कोपऱ्यातले सांधे काँक्रीट ओतण्याआधी स्वतः बघा, फोटो काढून ठेवा. जुनं घर घेत असाल तर भिंतीच्या माथ्याशी प्लास्टर थोडं खरवडून पट्टी आहे का ते तपासा.

मेरापीचा धोका वेगळा. सरकारी नकाशात धोक्याचे तीन पट्टे आहेत, तिसरा शिखराला सगळ्यात जवळचा, पहिला नद्यांच्या काठाने खाली उतरणारा. नोव्हेंबर २०१० मध्ये शिखरापासून २० किलोमीटरचा परिसर रिकामा केला गेला होता. आमची वाडी त्या वर्तुळात आहे. म्हणजे रोजचा धोका नाही, पण एक पिशवी तयार असते: कागद, मास्क, औषधं, मुलाचे कपडे. नदीकाठची जागा मात्र कितीही सुंदर असो, घेऊ नका. राख डोंगरावर साठते आणि पुढच्या पावसाळ्यात लाहार होऊन, दगडमाती घेऊन, त्याच पात्रातून खाली येते.

पैसा कशात घालायचा

जमिनीचा भाव वाढेल या आशेवर बसण्यापेक्षा लहान, गावात मुरणारी कामं करा, असं माझं मत आहे.

विद्यापीठाजवळ विद्यार्थ्यांसाठी 'कोस', म्हणजे भाड्याच्या खोल्या, हा सगळ्यांच्या डोक्यातला पहिला धंदा. आम्ही २०१९ मध्ये मागे चार खोल्या बांधल्या, मुलींसाठी, खोलीला महिना ६ लाख रुपिया. बांधकाम परवाना घ्या आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्याही. रात्री दहाला फाटक बंद, हा नियम गावाला हवा असतो, तो पाळा. पण मार्च २०२० ला मुली घरी गेल्या आणि २०२१ संपेपर्यंत खोल्या रिकाम्या होत्या. ज्यांनी कर्ज काढून दहा-दहा खोल्या बांधल्या त्यांचे हाल मी पाहिले. कोस बांधायचा तर स्वतःच्या पैशाने, चार खोल्या पुरेत. सलाकची बाग विकत घेऊ नका. सुगीत भाव किलोला दोन-तीन हजार रुपियांवर येतो आणि काटे काढायला मजूर मिळत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गुंतवणूक शेळ्यांची. इथे 'गादुह' पद्धत आहे: शेळी तुमची, पाळणार शेजारी, पिल्लं निम्मी-निम्मी. आपल्याकडे वाट्याने जनावर देतात तसंच. आणि शेळी कोणती, तर 'पेरानाकान एतावा', म्हणजे इटाव्याच्या वंशाची. आपली जमनापारी! डच काळात इथे आली आणि इथल्या शेळ्यांशी तिचा संकर झाला. तेच लांब लोंबते कान, तेच पोपटासारखं नाक. पहिल्यांदा जवळच्या तुरी नावाच्या भागात एका गोठ्यात बघितली तेव्हा मी तिच्या कानाला हात लावून उभीच राहिले.

सुरुवात तीन माद्यांनी करा. आम्ही २.५ जुताला एक अशा घेतल्या. एकाच घरी तिन्ही देऊ नका, दोन घरांत द्या. ज्याच्याकडे आधीच उंचावरचा बांबूचा गोठा आहे, खाली लेंडी पडते असा, त्यालाच द्या, कारण ओल्या जमिनीवर खुरं सडतात. बोलणी पाक एर-तेंच्या ओसरीवर करा आणि चार गोष्टी लिहून ठेवा: पहिलं पिल्लू कोणाचं, बोकड विकायचा कधी, औषधाचा खर्च कोणाचा, शेळी मेली तर काय. आमच्याकडे औषध निम्मं-निम्मं, निष्काळजीपणा नसेल तर मेलेल्या शेळीचं नुकसान मालकाचं, लेंडीखत पूर्ण पाळणाऱ्याचं. २०२२ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा हा कागद होता म्हणून कोणाचं मन दुखावलं नाही.

बोकडाला भाव बकरी ईदच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत मिळतो. कुर्बानीला पक्क्या दातांचाच बोकड लागतो, पुढचे दुधाचे दोन दात पडून मोठे आलेले. गिऱ्हाईक ओठ वर करून आधी तेच बघतं. ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते. तेव्हा हिशेब उलटा मांडायचा. विक्रीच्या वेळी बोकड दीड वर्षाच्या आसपास हवा. शेळी पाच महिने गाभण असते. म्हणून आम्ही दोन्ही घरच्या मंडळींबरोबर बसून दिनदर्शिकेवर पुढच्या दोन ईदच्या खुणा करतो आणि तिथून मागे मोजत येतो. हिशेब ईदनंतरच्या पहिल्या रविवारी, म्बाहच्या ओसरीवर. पैसे तिथेच मोजून वाटले जातात, आणि कोणाचं पिल्लू कोणतं ते तेव्हाच त्याच्या कानाला रंगीत दोरा बांधून ठरतं.